गुडघेरोपणाची पूर्वतयारी : विचारायचे ते आधी विचारावे

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या स्थानकात व्याख्यानाच्या वेळी मागच्या भिंतीशी दोन-चार खुर्च्या मांडलेल्या असत. काठी टेकत येणारे, ऐंशीच्या घरातील वृद्ध त्यांवर बसत. गेल्या पर्युषणात मी सहज मोजल्या, तर खुर्च्या बेचाळीस भरल्या. त्यांवर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक श्रावक-श्राविका साठी-पासष्टीच्या, म्हणजे माझ्याच वयाच्या होत्या. त्या बेचाळीसमध्ये एक खुर्ची माझ्या पत्नीची होती.

तिच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली आहे. प्रथम उजव्या, आणि सात महिन्यांनी डाव्या गुडघ्यावर. शल्यविशारद तेच, रुग्णालय तेच, रुग्णही तीच. तरीही दोन्ही वेळचा अनुभव अगदी निराळा होता. पहिल्या वेळी आम्ही काहीच न विचारता भरती झालो. दुसऱ्या वेळी सर्व विचारून, लिहून, ठरवून गेलो. या अंतरातून आम्ही जे शिकलो ते सुज्ञ वाचकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी वैद्यकीय जाणकार नाही. बँकेत आयुष्य गेल्यामुळे कागद वाचण्याची सवय आहे, इतकेच. म्हणून येथील प्रत्येक गोष्ट आपापल्या डॉक्टरांना विचारूनच अमलात आणावी.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. वय, वाढलेले वजन, आनुवंशिकता, जुनी दुखापत अशा कारणांनी ते झिजते आणि हाडावर हाड घासू लागते. ‘गुडघा बदलला’ असे आपण म्हणतो, त्यामुळे संपूर्ण सांधा काढून नवा बसवतात असा समज होतो. प्रत्यक्षात झिजलेला पृष्ठभाग काही मिलिमीटर कापून त्यावर धातूचे आवरण बसवितात आणि मध्ये विशिष्ट प्लास्टिकची चकती ठेवतात. किडलेल्या दातावर टोपी बसवावी, तसाच हा प्रकार आहे.

ही विद्या आता नवखी राहिलेली नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली खुब्याचे आधुनिक सांधेरोपण यशस्वी केले आणि पुढील दशकात गुडघ्याचे तंत्रही स्थिरावले. आपल्या पुण्याचे पद्मविभूषण डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांच्या गुडघ्याचा विचार करून ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा विकसित केला, हे आपल्या समाजास भूषणावह आहे. आज बसविलेले बहुतेक सांधे पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ साथ देतात.

ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. वजन कमी करणे, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, वेदनाशामक औषधे हे सर्व करून झाल्यावरही वेदना रात्री झोपू देत नसतील, चालण्याचा पल्ला आक्रसत गेला असेल आणि क्ष-किरण चित्रातही झीज स्पष्ट दिसत असेल, तेव्हाच हा निर्णय घ्यावा. मात्र फार लांबविणेही हिताचे नाही. पाय वाकडे होतात, स्नायू दुबळे पडतात, आणि मग नव्या सांध्याचा पुरता लाभ मिळत नाही. माझ्या पत्नीने आठ वर्षे टाळले. वेदनांपेक्षा तिला दुसरीच चिंता अधिक होती : ‘मग मी सामायिकात कशी बसणार?’

पहिल्या वेळी जे राहून गेले

पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी तीन चुका झाल्या. तिन्ही आमच्याच होत्या.

पहिली चूक पाण्याची. पत्नीचा चौविहार गेली एकतीस वर्षे अखंड आहे. शस्त्रक्रिया दुपारी एक वाजता ठरली होती. आदल्या सायंकाळी साडेसहाला तिने पाणी घेतले, ते शेवटचे. शस्त्रक्रियेपूर्वी अन्न घ्यायचे नसते, एवढे तिला ठाऊक होते. साधे पाणी मात्र भूलतज्ज्ञ सामान्यतः दोन तास आधीपर्यंत चालू देतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते आणि कोणी विचारलेही नाही. जवळजवळ साडेअठरा तास ती पाण्याविना राहिली. शस्त्रक्रियागृहात नेताना तिचे डोके ठणकत होते, जीभ कोरडी पडली होती आणि रक्तदाबाची सकाळची गोळीही राहून गेली होती.

दुसरी चूक पैशांची. ती पुढे सविस्तर सांगतो, कारण बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने ती करावी याची मला आजही लाज वाटते.

तिसरी चूक सर्वांत जिव्हारी लागली. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पत्नीला रोज पोटावर एक इंजेक्शन दिले जात होते. आमची सूनबाई औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे. तिसऱ्या दिवशी तिने खोक्यातील घडीचा कागद सहज उलगडून वाचला आणि ती गप्प झाली. मी विचारल्यावर तिने बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितले, “पप्पा, हे हेपॅरिनच्या गटातलं औषध आहे. ते डुकराच्या आतड्यापासून काढतात.” मम्मींना सांगावे की नाही, हा प्रश्न आम्हा दोघांपुढे उभा राहिला. लपविणे मला योग्य वाटले नाही. मी सांगितले. ती कितीतरी वेळ खिडकीकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “अहो, कदाचित मी ते घेतलंही असतं. पण घेण्यापूर्वी मला कळायला हवं होतं.”

रुग्णालयाने वैद्यकीयदृष्ट्या योग्य तेच केले होते. गुठळी फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतू शकते आणि ती टाळण्यासाठी हे औषध जगभर वापरले जाते. आम्ही भरतीच्या अर्जावर ‘आहार : जैन’ एवढेच लिहिले होते. औषधाविषयीही आमचे काही म्हणणे असू शकते, हे त्यांना कसे कळावे? घरी परतल्यावर पत्नीने साध्वीजींकडे आलोचना केली. अजाणता घडलेल्याची आलोचना करून मन हलके करावे आणि यापुढे जाणतेपणाने वागावे, असे त्यांनी समजावले. तिचे मन शांत झाले. जाणतेपणाने वागण्याची जबाबदारी मात्र माझ्यावर आली.

शरीराची तयारी

दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी आम्ही सहा आठवडे आधी सुरू केली. सांधेरोपणातील सर्वांत मोठे संकट म्हणजे जंतुसंसर्ग. धातूवर जंतूंनी एकदा ठाण मांडले की ते औषधांना दाद देत नाहीत आणि प्रसंगी सांधा काढावा लागतो. म्हणून शरीरात कोठेही दडलेला संसर्ग आधी बरा करावा लागतो : किडलेला दात, लघवीतील जंतू, पायाच्या बोटांमधील चिखल्या, टाचेच्या भेगा. पत्नीच्या दाढेत पू निघाला आणि तारीख तीन आठवडे पुढे गेली. पहिल्या वेळी दंतवैद्याकडे गेलोच नव्हतो. तेव्हा केवळ दैवाने तारले असे म्हणावे लागेल.

मधुमेह असल्यास गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी ‘एचबीएवनसी’ चाचणी करतात. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत येईपर्यंत थांबणे श्रेयस्कर. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती कधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ व शल्यविशारद यांनी मिळून ठरवावे. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये. आयुर्वेदिक काढे, चूर्णे यांचीही यादी द्यावी. गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल, तर त्याची तारीख आवर्जून सांगावी, कारण त्यानंतर काही महिने संसर्गाचा धोका अधिक असतो. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी जखम भरण्यास विलंब होतो. आपल्या पेढ्यांवर हे व्यसन नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

शाकाहारी माणसात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा आढळते, आणि हिमोग्लोबिनही कमी असू शकते. दोन्ही आधी तपासून भरून काढावीत. जखम भरण्यास प्रथिने लागतात. मूग, तूर, हरभरा यांच्या डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे यांतून ती मिळतात. त्यासाठी आपला आहारनियम मोडण्याची गरज नाही. मात्र ओळी, वर्षीतप, मासखमण यांसारख्या तपश्चर्येनंतर लगेच शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. तपश्चर्येने क्षीण झालेल्या शरीराला आधी बळ येऊ द्यावे, आणि किती काळ थांबायचे हे डॉक्टरांना विचारावे.

व्यायाम हा तयारीचा कणा होय. गुडघा सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळणे, पाय सरळ उचलून धरणे, टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा वाकविणे, घोट्यापासून पाऊल वर-खाली करणे हे चार व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाकडून आधीच शिकून घ्यावेत. वॉकर घेऊन चालण्याचा सरावही आधी करावा. वेदनेत नवे काही शिकणे कठीण जाते. शिकलेले आठवणे सोपे असते.

धर्माचरण आणि उपचार

आपल्यापैकी अनेकांच्या मनात या दोहोंत विरोध आहे. वास्तविक पच्चक्खाणाच्या पाठांतच आगार, म्हणजे सवलती सांगितलेल्या आहेत. असह्य व्याधीमुळे चित्ताची समाधी भंगत असेल, तर औषधोपचारासाठी जी सवलत आहे, ती याच प्रसंगांसाठी. आपल्या नियमांपैकी काय तसेच ठेवायचे, कशात तात्पुरता बदल करायचा, हे भरती होण्यापूर्वी आपल्या गुरुमहाराजांना किंवा साध्वीजींना भेटून ठरवावे. रात्री दहा वाजता परिचारिका गोळी घेऊन उभी असताना हा विचार करीत बसू नये.

पत्नीने रुग्णालयातील दिवसांपुरता चौविहाराऐवजी तिविहार स्वीकारला आणि रात्री औषध घ्यावेच लागले तर आगार ठेवला. डॉक्टरांनाही आम्ही विनंती केली. त्यांनी बहुतेक गोळ्या सकाळी व सूर्यास्तापूर्वी बसविल्या आणि रात्रीची वेदनाशामक औषधे शिरेतून दिली. शस्त्रक्रियेसाठी दिवसाची पहिली वेळ मागून घेतली. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी ती भरपूर पाणी प्याली, पहाटे सलाइन लावले गेले, आणि रक्तदाबाची गोळी तिने भूलतज्ज्ञांच्या सांगण्यानुसार घोटभर पाण्यासोबत आगाराने घेतली. या खेपेस तिचे डोके दुखले नाही.

औषधांच्या उगमाचा प्रश्न आम्ही लेखी विचारला. गुठळीप्रतिबंधासाठी हेपॅरिन गटाखेरीज इतर पर्यायही आहेत. ॲस्पिरिन, रिव्हरोक्साबॅन, एपिक्साबॅन या गोळ्यांतील, तसेच फॉन्डापॅरिनक्स या इंजेक्शनातील औषध रासायनिक पद्धतीने बनविलेले असते. प्रत्येकाला प्रत्येक पर्याय चालत नाही. मूत्रपिंड, जठरातील व्रण, हृदयविकार, रक्तस्रावाची प्रवृत्ती पाहून निवड डॉक्टरांनीच करावयाची असते. आमचा प्रश्न ऐकून शल्यविशारद लगेच म्हणाले, “काकू, हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत? तुम्हाला गोळी चालली असती.” त्या एका वाक्याने आम्ही दोघेही ओशाळलो.

कॅप्सूलचे कवच बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. तेच औषध गोळीच्या किंवा वनस्पतिजन्य कवचाच्या स्वरूपात मिळते का, हे विचारता येते. टाके घालण्यासाठी एके काळी प्राण्यांच्या आतड्याचा धागा सर्रास वापरीत. आता कृत्रिम धागे उपलब्ध आहेत. हाड व धातू जोडणारे ‘सिमेंट’ ॲक्रिलिकचे असते. येथे एक गोष्ट मी अत्यंत गांभीर्याने सांगतो : पर्याय नसेल, किंवा डॉक्टर तेच औषध आवश्यक म्हणत असतील, तर घरच्या घरी निर्णय घेऊन डोस चुकवू नये. गुठळीचा धोका खरा आहे. विचारणे हा आपला अधिकार आहे. उपचार अर्धवट सोडणे हा धर्म नव्हे.

पैशांचा हिशेब

आता माझ्या चुकीकडे येतो. आमची आरोग्यविमा पॉलिसी पाच लाखांची. त्यात खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. पहिल्या वेळी मी आठ हजारांची खोली घेतली. मनात हिशेब केला, ‘दिवसाला तीन हजार जास्त, चार दिवसांचे बारा हजार आपण भरू.’ परंतु बहुतेक पॉलिसींत प्रमाणशीर कपातीचे कलम असते. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर केवळ भाड्यातच नव्हे, शस्त्रक्रियागृह, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ यांच्या शुल्कांतही त्याच प्रमाणात कपात होते, कारण रुग्णालये हे दर खोलीच्या श्रेणीनुसार आकारतात. खोलीभाड्यासह अशा बाबींची बेरीज एक लाख साठ हजार होती. पाचास आठ या प्रमाणात कंपनीने एक लाख मंजूर केले. बारा हजारांच्या जागी साठ हजार पदरचे गेले. कृत्रिम सांधा व औषधे यांवर ही कपात लागू झाली नाही, हेच काय ते समाधान. दुसऱ्या वेळी आम्ही मर्यादेतील खोली घेतली. सेवेत मला काडीचाही फरक जाणवला नाही.

पॉलिसीत आणखी काही गोष्टी पाहाव्यात. सांधेरोपणासाठी सामान्यतः दोन ते तीन वर्षांचा प्रतीक्षाकाल असतो. म्हणून गुडघे दुखू लागल्यावर विमा घेऊन लगेच लाभ मिळत नाही. रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करावयाची असल्यास तिच्या खर्चाला वेगळी मर्यादा आहे का, हे तपासावे. विनारोकड सोयीसाठी पूर्वमंजुरीचा अर्ज काही दिवस आधी पाठवावा. भरतीपूर्वीच्या तपासण्या व नंतरच्या भौतिकोपचाराचा खर्चही ठराविक दिवसांपर्यंत मिळतो, त्यामुळे प्रत्येक पावती जपावी. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून खुले झाले आहे. ज्यांचा विमाच नाही, त्यांनी योजनेतील रुग्णालयांत चौकशी करावी.

कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोम धातूच्या नेहमीच्या गुडघ्यासाठी ती तेव्हा वस्तू व सेवा कर वगळून ५४,७२० रुपये होती. पुढे दर वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून चालू दर विचारावा. सांध्याच्या खोक्यावरील चिकटपट्टी, जिच्यावर कंपनी, आकार व क्रमांक छापलेला असतो, तिची प्रत मुक्तिपत्रासोबत मागून घ्यावी. विम्यालाही ती लागते आणि पुढे कधी सांध्याचे पुन्हा काही करावे लागले तर तीच उपयोगी पडते.

व्यापारी बंधूंसाठी एक सूचना. आमच्या परिचयातील एक किराणा व्यापारी तीन लाख रुपये पिशवीत घेऊन रुग्णालयात गेले होते आणि काउंटरवर वाद घालत बसले. एकाच उपचारासाठी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. तेव्हा धनादेश, कार्ड किंवा बँक हस्तांतराची सोय आधीच करून ठेवावी आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही व्यवहार करता येईल, हे पाहावे.

घराची तयारी

आपल्यापैकी अनेकांचे घर दुकानाच्या वर असते आणि जिना उभा. पहिले काही आठवडे रुग्णाचा पलंग शक्यतो खालच्या मजल्यावर हलवावा. तो शक्य नसल्यास जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा. जिन्याचा नियम सोपा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. सतरंज्या, पायपुसणी, लोंबणाऱ्या वायरी उचलून ठेवाव्यात. न्हाणीघरात न घसरणारी चटई व भिंतीला पकडावयाचा दांडा असावा. बैठा शौचकूप असल्यास कमोड किंवा कमोडखुर्ची आणावी. बसण्यासाठी हात असलेली, उंच व घट्ट बैठकीची खुर्ची हवी. सोफ्यात रुतून बसल्यावर उठता येत नाही. रात्री मंद दिवा ठेवावा. तारीख निवडतानाही विचार करावा. दिवाळीच्या गर्दीत किंवा मार्चअखेरीस दुकान सोडून कोण थांबणार? पहिले दोन-तीन आठवडे घरात एक माणूस सतत उपलब्ध असला पाहिजे.

रुग्णालयातील चार दिवस

पिशवीत जुने अहवाल, क्ष-किरण चित्रे, आधार व विम्याचे कार्ड, चालू औषधांची यादी, चष्मा, श्रवणयंत्र, सैल कपडे, मागून बंद व न घसरणारी पादत्राणे, जपमाळ आणि एखादे स्वाध्यायाचे पुस्तक असावे. दागिने घरीच ठेवावेत. शस्त्रक्रियेच्या वेळी विद्युत उपकरण वापरले जाते, म्हणून अंगावर धातू चालत नाही. पत्नीच्या हातातील पाटल्या पहिल्या वेळी निघेनात आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी साबण लावून धडपड करावी लागली. दुसऱ्या वेळी आठवडाभर आधी सोनाराकडे जाऊन आलो. मेंदी व नखांचा रंग टाळावा, कारण बोटाला लावतात त्या यंत्राला प्राणवायूचे मापन करण्यास अडचण येते. पायावरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक जखमांतून जंतू शिरतात.

बहुधा कमरेतून भूल देतात. कोणत्या पायावर शस्त्रक्रिया आहे, याची खूण आपल्या समक्ष करून घ्यावी आणि संमतिपत्र वाचूनच सही करावी. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे करतात. वेदना असतातच. परंतु त्या सहन करण्यात पुण्य नाही. वेदना आटोक्यात नसतील तर व्यायाम होत नाही, आणि व्यायाम झाला नाही तर गुडघा आखडतो. म्हणून दुखू लागताच सांगावे. पाऊल वर-खाली हलविणे, दीर्घ श्वसन, लवकर उठून चालणे यांनी गुठळी व छातीचा संसर्ग दोन्ही टळतात.

‘जैन आहार’ म्हणजे काय, हे आहारतज्ज्ञांना सविस्तर सांगावे. कांदा, लसूण, बटाटा वगळले तरी सूपमध्ये गाजर येतेच. शिवाय सायंकाळचे जेवण रुग्णालयात आठ वाजता येते. ते सूर्यास्तापूर्वी देण्याची विनंती पहिल्याच दिवशी लेखी करावी.

आणि शेवटी भेटीस येणारे. आपल्या समाजात तब्येत विचारण्यास जाणे हे कर्तव्य मानले जाते, त्यामागील जिव्हाळा मोलाचा आहे. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवसाच्या सायंकाळपर्यंत एकतीस जण येऊन गेले. प्रत्येकाला पत्नीने तेच सांगितले, प्रत्येकापुढे हसली, आणि रात्री तिला ताप भरला. तो भेटींमुळेच आला असे मी म्हणणार नाही. पण ताज्या जखमेजवळ गर्दी नको, हे डॉक्टरांनी बजावले. दुसऱ्या वेळी आम्ही भरतीपूर्वी स्थानकात जाऊन मांगलिक ऐकले आणि आप्तेष्टांना निरोप पाठविला, ‘तीन आठवड्यांनी घरी अवश्य यावे.’ कोणीही रागावले नाही.

घरी परतल्यावर

टाके साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी काढतात. वॉकरवरून काठीवर आणि काठीवरून मोकळे चालण्यास सहा आठवड्यांच्या आसपास लागतात. सूज व ऊब काही महिने राहते. पूर्ण लाभ जाणवण्यास सहा महिने ते वर्ष लागू शकते. पोटरीत दुखणे वा सूज, धाप लागणे, छातीत दुखणे, ताप, जखमेतून स्राव यांपैकी काहीही दिसल्यास वेळ न दवडता डॉक्टरांशी संपर्क साधावा. पुढे दातांचे काही काम करावयाचे झाल्यास दंतवैद्याला कृत्रिम सांध्याची कल्पना द्यावी.

भूमीवर मांडी घालणे, उकिडवे बसणे, गुडघ्यांवर भार देणे हे बहुतेक शल्यविशारद टाळावयास सांगतात. त्यामुळे पंचांग वंदनेऐवजी उभ्याने, हात जोडून वंदना करावी लागते. यात्रेविषयीही आधी विचारावे. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या नव्या गुडघ्याने चढणे हा पराक्रम करून दाखविण्याची आवश्यकता नाही. डोलीही त्याच दारापर्यंत पोहोचते.

भरतीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. शस्त्रक्रिया कोणत्या वेळी आहे, आणि अन्न व पाणी नेमके किती वाजेपर्यंत चालेल?
२. माझ्या चालू औषधांपैकी कोणती, केव्हापासून बंद करावयाची?
३. गुठळीप्रतिबंधासाठी कोणते औषध देणार? प्राणिजन्य नसलेला पर्याय मला चालेल का?
४. गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसविता येतील का?
५. कोणता सांधा बसविणार, त्याची किंमत किती, आणि चिकटपट्टीची प्रत मिळेल ना?
६. माझ्या पॉलिसीच्या मर्यादेत कोणत्या श्रेणीची खोली बसते?
७. घरी गेल्यावर अडचण आल्यास रात्री कोणाला संपर्क करावयाचा?

हे प्रश्न कागदावर लिहून, उत्तरेही त्याच कागदावर लिहून घ्यावीत. रुग्णालयाचा अंगरखा एकदा अंगावर चढला की माणूस विचारण्याच्या मनःस्थितीत राहत नाही.

पत्नीची खुर्ची आजही स्थानकात त्याच भिंतीशी असते. सामायिक ती खुर्चीवर बसूनच करते. ‘मी कशी बसणार’ या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले आहे : सामायिक समभावाने होते, मांडी घातल्याने नव्हे. घरापासून स्थानकापर्यंतचे अंतर मात्र आता ती रिक्षा न करता पायी चालत जाते, आणि मला तिच्या मागे थोडे भरभर चालावे लागते.

या लेखात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास त्रिविधे त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.